माझ्या पोटातला हिरवा चिकटा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला माझ्याच पोटाची किळस येते.

तीस वर्षांपूर्वी मी टिटवाळ्यात काळुरामशेठच्या ऑफिसात आलो. प्लॉटचे नकाशे काढणं हे माझं काम. लोक मला बघायला यायचे. शेठ ओरडायचे, "लांबून बगा रं! हात नको लावू कोनी!" दर दसऱ्याला मला हार, हळदकुंकू, उदबत्ती मिळायची. झाकण मात्र कुणीही उघडलं नाही. फटींतून आधी कुंकू आत गेलं, मग झुरळं, मग पालीची अंडी. पुढे ऑफिसात लॅपटॉप आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे माझ्या बोर्डावरची, घड्याळ चालवणारी छोटी बॅटरी फुटली. तिच्यातला हिरवा चिकटा तांब्याच्या बारीक रेघा कुरतडू लागला.

गेल्या वर्षी वर्तकनगरच्या कमलेशने मला घरी नेलं. तो जुने संगणक जमवतो. त्याने माझं पिवळं पडलेलं अंग पांढरं केलं, फोटो टाकले. लोक वाहवा करत होते आणि आत मी सडत होतो.

एका रविवारी तो माझी वायर प्लगला लावणार, एवढ्यात त्याची बहीण जागृती वाकून हुंगू लागली. ती रसायनशास्त्र शिकलेली.

"दादा, थांब! आत काहीतरी कुजलंय. करंट दिलास तर संपला हा."

तिने झाकण काढलं. "शी!" कमलेश मागे सरकला. "ॲसिड गळलंय. सोडा आणतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीला लावतो ना, तसा."

जागृतीने लाल लिटमसची ओली पट्टी चिकट्याला टेकवली. पट्टी निळी झाली. "बघ, अल्कली आहे, ॲसिडच्या उलट. सोड्याने काय होणार, डोंबल? व्हिनेगर आण. आणि नाक काय दाबतोस, तुझंच कलेक्शन आहे ना?"

तिने बॅटरी कापून काढली, व्हिनेगर लावून ब्रशने चिकटा खरवडला, स्पिरिटने बोर्ड धुतला, तुटलेल्या रेघांवर तारा जोडल्या. मग बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. तारीख साफ चुकीची होती, पण मी जिवंत होतो.

कमलेशने फोटोसाठी लगेच मोबाईल काढला. जागृतीने मांडणीवरच्या इतर जुन्या संगणकांकडे बोट दाखवलं. "त्या बाकीच्यांना उघडलंयस कधी?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग मोबाईल ठेव. स्क्रूड्रायव्हर घे."

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर आधी त्याचं पोट उघडा. घाण वास येईल. तोंड फिरवू नका.