ब्रेमेनचे नाणे आणि जतची पायाभरणी

मित्रांनो, मी चांदीचे एक जुने नाणे आहे. माझ्या अंगावर किल्ली उमटवलेली आहे. ती माझ्या गावाची, ब्रेमेनची खूण. जर्मनीतले हे बंदर तेव्हा स्वतःच एक राज्य होते आणि आपली नाणी आपणच पाडत होते. पाव, मासे, तंबाखू, सगळे माझ्या बदल्यात मिळे. पुढे साऱ्या जर्मनीचे एकच राज्य झाले, नवे चलन आले. माझे भाऊबंद वितळवले गेले. मी एका खलाशाच्या पेटीत राहिले, म्हणून वाचले. पण ज्याने काही विकत घेता येत नाही, त्या नाण्याला कोण विचारतो?

त्या खलाशाच्या वंशातला एक इंजिनिअर फुटबॉल विश्वचषकाचे स्टेडियम बांधायला कतारला आला. परत जाताना त्याने मला आपल्या ड्रायव्हरच्या, जतच्या धोंडीरामच्या हातावर ठेवले.

तिथल्या अल रुवैस बंदराच्या धक्क्यावर गाडी लावून एकटाच डबा खाताना धोंडीराम मला खिशातून काढून बघे.

गावी त्याच्या घराची पायाभरणी ठरली होती. खड्ड्यात चांदीचे नाणे ठेवायचे आणि पहिला दगड घरधन्याने बसवायचा, ही रीत. पण कंपनीने सामने संपेपर्यंत सुट्ट्या बंद केल्या. मग त्याने मला आपल्या सोबतच्या ड्रायव्हरकडे, जहूरकडे दिले. जहूर नोकरी सोडून जतच्याच बाजूला, मिरजेला परत निघाला होता.

"लोक सोनं धाडतात, अन् तू हे काळं ठिक्कर?" जहूर हसला. "दे, खलास! पोचलंच समज."

धोंडीरामने लगेच बायकोला, सत्यभामेला, स्पीकरवर फोन लावला. "अगं, जहूरभाईसंगं नाणं धाडतोय. माझ्या नावानं ठेव. पहिला दगड तूच बसव."

"अन् तुमी?"

"सामने झाले की येतो, इन्शाल्ला."

"गेल्या दिवाळीला बी हेच म्हणला होता. मला नाणं नगं. गवंड्याला सांगते थांबायला. खड्डा उघडा ऱ्हाऊ दे. तुमी या, मग दगड बसंल."

"लोक हसतील गं."

"हसू द्यात की! तुमच्याबिगर उभं ऱ्हायलेल्या घरात मी एकटी काय करू?"

जहूरने मला धोंडीरामच्या खिशात परत टाकले.

मला वाईट वाटले नाही; तिला नाणे नव्हे, घरधनी हवा होता. मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी दूर असेल, तर त्याने धाडलेली वस्तू जपून ठेवा. पण वस्तू आली म्हणून माणसाची वाट पाहणे सोडू नका.