गाठ दिसली की उपटा

टुकटुक पुरती थांबायच्या आतच इन्शिराह खाली उतरली आणि धावत सुटली. शहाताच्या शेतातून धूर निघत होता; पांढरा, दाट, ओला. मक्याची वाळलेली ताटं खाली घालून, वर हिरवागार भुईमूग रचून, त्यावर रॉकेल ओतून शहाता तो ढीग पेटवायला बघत होता. हिरवं काही पेटत नव्हतं, नुसतं घुसमटत होतं. अर्धं शेत उघडं पडलं होतं. उरलेल्या अर्ध्यात शहाताची बायको रतीबा वाकून एकेक रोप मुळासकट उपटत होती.

"अम्म शहाता, हे काय चालवलंय?"

गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती अम्म, म्हणजे काका, म्हणत असे आणि मनातल्या मनात दुसरंच काही म्हणत असे. शहातानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आलात? तुमचंच काम चाललंय," तो म्हणाला. "सकाळी एक रोप उपटून बघितलं, तर मुळं गाठींनी भरलेली. म्हटलं, आता बाईंची वाट बघत बसायला नको. गाठ दिसली की उपटा, उपटलं की जाळा. पाठ आहे मला."

इन्शिराहनं कपाळावर हात मारून घेतला.

इन्शिराह या नावाचा अर्थ जीव हलका होणं, मन मोकळं होणं. हौसेनं नाव ठेवणाऱ्या बापाला लेकीच्या नशिबी शेतकी खातं लिहिलंय हे कुठून ठाऊक असणार? शेतकीची पदवी घेऊन ती या वाळूतल्या गावांत आली तेव्हा तिची वेणी काळीभोर होती. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि रुमालाखाली काळा म्हणावा असा केस उरला नव्हता. एवढ्या काळात जीव हलका झाल्याचा एक दिवस तिला आठवत नसे.

इथली माणसं नाईलकाठची काळी माती सोडून, सरकारनं वाटलेल्या वाळूत येऊन राहिलेली. काळ्या मातीत वाल लावा, गुरांचा घास लावा, मुळांना बारीक गाठी आपोआप धरतात. त्या गाठींत जिवाणू राहतात. झाड त्यांना जेवू घालतं आणि ते झाडाला हवेतलं खत करून देतात. कुणाच्या आज्यापणज्यानं कधी त्यांची विचारपूस केली नव्हती, इतके ते मातीत मुरलेले. पण वाळूत ते नव्हतेच. ते बाहेरून आणून, गार साखरपाण्यात कालवून बियाण्याला चोळावे लागतात. एवढी साधी गोष्ट सांगता सांगता इन्शिराहचा घसा बसला होता. जिवाणूंची काळी भुकटी ती पाकिटातून घरोघर वाटायची, आणि लोक काय करायचे? एकानं ती उकळत्या साखरपाण्यात कालवली. जिवंत माल आहे, शिजून गेला. एकानं पाकीट गच्चीवर, टीव्हीच्या डिशपाशी भर उन्हात ठेवलं. एका बाईनं कोंबड्यांना घातलं आणि वर येऊन तक्रार केली, की तुमच्या औषधानं अंडी काही वाढली नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. वरिष्ठ विचारायचे, यंदा किती शेतांत गाठी धरल्या? इन्शिराह खिडकीबाहेर बघायची.

आणि मग गेल्या वर्षी टोमॅटोवर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत, आले. तेही मुळांना गाठीच करतात, पण त्या रोगाच्या. झाड वरून सुकत जातं आणि कीड शेजारच्या शेतात सरकते. वरून हुकूम आला, रोगट झाडं उपटून जाळायला सांगा. इन्शिराह दारोदार सांगत फिरली. त्यांच्या बोलीत त्या वाक्याला छान ठेका होता. गाठ दिसली की उपटा, उपटलं की जाळा. बायका भाकरी थापताना ते म्हणू लागल्या. आणि नवल म्हणजे लोकांनी ऐकलं. गावंच्या गावांनी झाडं उपटली, जाळली आणि पुढचे टोमॅटो वाचले. उभ्या नोकरीत पहिल्यांदा कुणी तिचं ऐकलं होतं. महिनाभर ती ताठ मानेनं चालत होती.

त्या ऐकण्याचं फळ आता समोर धुमसत होतं.

तिनं ढिगातून एक रोप ओढून काढलं. मुळांवर दाट गाठी होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, गच्च. अशा गाठी तिनं या गावात पाहिल्याच नव्हत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचंही असेल.

"हे बघा," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "टोमॅटोची ती गाठ मुळाच्या अंगातच फुगते. ओढली की मूळ तुटतं. ही वरून धरलेली असते, मण्यासारखी सुटते." तिनं एक गाठ अलगद तोडली आणि नखानं चिरली. आत गुलाबी लाल होतं. "लाल म्हणजे जिवंत. कामाला लागलीय. म्हणून तुमची पानं अशी काळपट हिरवी आहेत. तुमच्या शेजारच्या मुतवल्लीनं खताच्या गोण्या रिकाम्या केल्या, तरी त्याचं शेत बघा कसं पिवळं आहे."

शहातानं ती गाठ हातात घेतली. मग त्यानं स्वतः एक तोडली, चिरली. मग आणखी एक. त्याची मान सावकाश ढिगाकडे वळली आणि तिथून उघड्या पडलेल्या वाळूकडे गेली. त्याला समजलं, हे इन्शिराहला स्पष्ट दिसलं. आता तो रतीबाला थांब म्हणेल, असं तिला वाटलं.

पण धूर बघून एव्हाना शेजारपाजारची माणसं बांधावर जमली होती आणि पुढे होता मुतवल्ली. आपल्या पिवळ्या शेताबद्दलचं वाक्य त्यानं नीट ऐकलं होतं.

"काय रे शहाता," तो म्हणाला, "स्वतःच्याच हातानं चांगलं पीक जाळलंस म्हण की. लेकराबाळांना काय, धूर खायला घालणार?"

बांधावर हशा पिकला. शहाताचे कान लाल झाले. त्यानं हातातली गाठ वाळूत टाकली आणि कुदळ उचलली.

"गाठ ती गाठ," तो म्हणाला. "रोगच आहे. रतीबा, थांबलीस कशाला? उपट."

रतीबा सरळ उभी राहिली. बियाणं तिनं स्वतःच्या हातानं चोळलं होतं. गार साखरपाण्यात, घराच्या सावलीत, जसं सांगितलं होतं तसं. पेरणीच्या दिवशी इन्शिराह त्यांच्या ओट्यावर बसून बजावून गेली होती, की टोमॅटोची गाठ वेगळी आणि शेंगांच्या पिकाची वेगळी. भुईमुगाला गाठी धरल्या तर गावात मिठाई वाटा. शहाता तेव्हा चहात साखर ढवळत, हो हो म्हणत होता. म्हणजे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देत होता.

"अबू सब्री," रतीबानं नवऱ्याला लेकाच्या नावानं, सब्रीचा बाप म्हणून, हळूच हाक मारली, "पेरताना बाई बोलल्या होत्या..."

"उपट म्हणतोय ना."

इन्शिराहचं डोकं सणकलं. ती कुदळ हिसकावून घ्यावी आणि याच्याच टाळक्यात घालावी, असं तिला फार वाटलं. थांबायचं म्हणजे सकाळपासून आपण काय केलं हे चारचौघांत कबूल करायचं. त्यापेक्षा हा माणूस उरलेलं अर्धं शेतही उपटेल, जाळेल आणि आयुष्यभर सांगत राहील, की रोगच होता. मुतवल्ली हसायचा थांबणार नाही आणि हा उपटायचा. रतीबा पुन्हा वाकायच्या बेतात होती. आत्ता ती रोपं गेली, तर या गावात पुन्हा कुणी पाकिटाला हात लावणार नाही.

रतीबा तिच्याकडे बघत होती. सगळं सांगून टाका, असं त्या नजरेत होतं. इन्शिराहनं मान किंचित हलवून तिला गप्प राहायला सांगितलं.

"अम्म शहाता, चूक माझी आहे," ती बांधावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षी मी गाठी गाठी करत हिंडले, पण त्या फक्त टोमॅटोच्या, हे सांगितलंच नाही. यंदा पेरणीच्या वेळी सांगायला हवं होतं, तेही राहून गेलं. तुम्ही माझं ऐकलंत म्हणून तुमचं नुकसान झालं. आता उरलेलं तरी राहू द्या. माझ्यासाठी."

शहातानं कुदळ खाली टेकवली, तिच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्याचा श्वास मोकळा झाला. शहाणा म्हातारा. खरं काय ते त्यालाही ठाऊक होतं.

"जाऊ द्या, बाई," तो मोठ्या मनानं म्हणाला. "माणूस म्हटलं की चुकायचंच. मी काही वर तक्रार करत नाही."

रतीबानं ओंजळीनं वाळू उचलली आणि धुमसत्या ढिगावर टाकायला सुरुवात केली. मुतवल्लीनं मात्र जाता जाता विचारलंच. "मग बाई, पुढच्या वेळी तुमचं ऐकायचं, का नाही?"

इन्शिराह रतीबाबरोबर ढिगावर वाळू टाकायला वाकली.

गोष्ट गावोगाव पोचायला वेळ लागला नाही. इन्शिराह दारात दिसली की बायका एकमेकींना ढोसायच्या. आज काय, जाळायचं का ठेवायचं? हिवाळ्यात मुतवल्लीच्या टोमॅटोवर खरोखरीचे सूत्रकृमी आले. ती दोनदा त्याच्या दारी गेली, मूळ हातात धरून दाखवलं, गाठ ओढून मूळ तोडून दाखवलं, उपट म्हणून विनवलं. त्यानं चहा पाजला आणि ठेवणीतलं हसून विचारलं, मण्याची गाठ ही, का दुसरी? त्याचं सगळं शेत गेलं. इन्शिराह त्या रात्री जेवली नाही. चिडायचं तरी कुणावर, हेच तिला कळेना.

शहाताच्या अर्ध्या शेतातल्या शेंगा मात्र बघायला लोक लांबून आले.

पुढच्या वसंतात, इन्शिराहच्या नोकरीतल्या शेवटच्या पेरणीला, सहकारी संस्थेच्या सज्जाखाली पाकिटांसाठी चक्क रांग लागली. रांगेच्या तोंडाशी, इन्शिराहच्या टेबलाला पाठ टेकून शहाता उभा होता. साखरपाणी गार हवं, तो सांगत होता. सावलीत चोळायचं, नव्या नवरीला कुणी उन्हात बसवतं का? गाठ मण्यासारखी सुटली तर आपली, आत लाल निघाली तर जिवंत. लोक मान डोलावत ऐकत होते. मुतवल्लीही ऐकत होता.

रांगेतल्या एका परगावच्या माणसानं शहाताच्या खांद्यावरून इन्शिराहकडे बघितलं. "हे बरोबर आहे का हो, बाई?"

"त्यांना काय विचारतोस?" शहाता म्हणाला. "त्यांचं त्यांनाच आठवत नाही. मला विचार."

सगळे हसले. इन्शिराहनं पेटीतून पुढचं पाकीट काढलं, वाटेत ऊन लागू नये म्हणून ओल्या फडक्यात नीट गुंडाळलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं.

"बरोबर सांगतायत ते," ती म्हणाली. "त्यांचं ऐका."