रजिस्टरवरची बाई

"काय वं पोरी, तुमच्या अमेरिकेत बर्फ बी हळदीचा पडते का?"

औषधांच्या दुकानाच्या दारात बूट आपटत ज्ञानदेव आजोबांनी विचारलं. आई रजिस्टरवर, म्हणजे गल्ल्यावर, होती. तिने हसून बाहेर पाहिलं. फुटपाथवर कालचा बर्फ होता, पांढरा. रस्त्याच्या कडेला गाड्यांनी काळा केलेला. पिवळा कुठेच नव्हता.

"पिवळा दिसतोय तुम्हाला?"

"पिवया म्हंजे कसा, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. अन् दिव्याभोवती कडं दिसते. म्हटलं, परदेशात असंच असंन."

आईचं हसू तिथेच थांबलं. मी तिच्या मागच्या स्टुलावर भागाकार करत होते. १९९४ चा फेब्रुवारी होता, सोमवार होता आणि मी दहा वर्षांची होते.

एडिसन या आमच्या गावातला ओक ट्री रोड तेव्हा अर्धाच बदलला होता. हार्डवेअरच्या दुकानाला लागून साड्यांचं दुकान आलं होतं, डोनटवाल्याशेजारी मिठाईवाला. म्हातारा इटालियन न्हावी दुपारी बाहेर उभा राहून पलीकडच्या कॅसेटच्या दुकानातली हिंदी गाणी ऐकायचा. शाळेची बस मला कोपऱ्यावर सोडायची. तिथून औषधांच्या दुकानापर्यंत आधी साखरेचा वास, मग तळणाचा, मग उदबत्तीचा आणि दार ढकललं की स्पिरिटचा. आई सहाला सुटायची. तोपर्यंत तो रस्ता मी काचेतून बघायची.

आई नागपूरच्या इंदोऱ्यातली. गिरणी कामगाराची मुलगी आणि त्यांच्या गल्लीतली पहिली बी. फार्म. इथे ती पदवी चालत नव्हती. ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून, पोळ्या लाटता लाटता तिने इथल्या परीक्षेचा अभ्यास केला. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास. आता एखाद्या फार्मासिस्टच्या हाताखाली ठरावीक तास काम करायचं होतं आणि त्यासाठी राज्याच्या फार्मसी बोर्डाला दुकानाच्या मालकांचं पत्र हवं होतं. मालक, मिस्टर रॉसी, स्वतः फार्मासिस्ट होते. ते पत्र द्यायला तयार होते.

पण जानेवारीत एक गोष्ट घडली. लोहाच्या गोळ्या नेणाऱ्या एका बाईंना आईने सांगितलं, की ही गोळी चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा मुलगा तक्रार घेऊन आला. पैसे घेणारी बाई सल्ले का देते, असं त्याचं म्हणणं होतं. रॉसींनी आईकडून एका कागदावर सही घेतली. ते वाईट नव्हते. "तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "पण कायद्याने तू रजिस्टरवर आहेस, सुनेत्रा. पुन्हा असं झालं तर मला पत्र देता येणार नाही."

त्या दिवसापासून कुणी काही विचारलं, की आई म्हणायची, "डॉक्टरांना विचारा."

ज्ञानदेव आजोबा अकोल्याचे निवृत्त पोस्टमास्तर. मुलगा कुशल आणि सून मोनाली यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. अंगात दोन स्वेटर, पायात मुलाचे स्नो बूट. रोज दुपारी ओक ट्री रोडवर फेरी मारायचे आणि आमच्या दुकानात रक्तदाब मोजायच्या खुर्चीवर विसावायचे. "जयभीम, पोरी," म्हणून आत यायचे. दुकानात मराठी माणूस दिसला, की त्याला मोठ्याने सांगायचे, "हे आमची फार्मासिस्ट!"

"अजून नाही, आजोबा. हळू बोला," आई म्हणायची.

"कागद यायचा राह्यला फक्त. कागदाचं मले नको सांगू, जिंदगी गेली कागद वाटण्यात."

त्या सोमवारी आईने त्यांच्या खोकल्याच्या गोळ्या रजिस्टरवर नोंदवल्या नाहीत. हातातच धरून ठेवल्या.

"जेवण जातं का?"

"अन्न पाह्यलं का मळमळते. सुनबाई बिचारी करते चांगलं, मलेच जात नाही."

"अकोल्याहून आणलेल्या हृदयाच्या गोळ्या संपल्या का?"

"संपतीन कशा? सा महिन्याच्या आणल्या. इथल्या डॉक्टरनं दुसऱ्या देल्या. मंग त्या सकाळी, ह्या संध्याकाळी. फेकाच्या कायले? दोन्ही देशायचा मान ठेवला म्या." आजोबा स्वतःच हसले.

आज मला जे पाठ आहे, ते आईला तेव्हाही पाठ होतं. हृदयाचं एक जुनं औषध आहे. भारतात त्याचं एक नाव, अमेरिकेत दुसरं. ते थोडं जास्त झालं, की आधी भूक जाते, मग जग पिवळं दिसू लागतं, दिव्यांभोवती कडी दिसतात. नाडी मंदावते. पुढचं आई पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आली होती.

"त्या गोळ्यांचं नाव काय, आजोबा? दोन्हींचं?"

"नाव? असंन काही इंग्रजी."

दुकानाच्या मागच्या बाजूला, एक पायरी उंचावर, रॉसी गोळ्या मोजत असत. आईचा आवाज बदललेला त्यांनी ऐकला असावा. त्यांनी मान वर केली.

"एव्हरीथिंग ओके, सुनेत्रा?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. दोन सेकंद, फार तर तीन.

"येस, मिस्टर रॉसी," ती म्हणाली.

ते पुन्हा मोजू लागले. आई खाली वाकून हलक्या आवाजात बोलली. "आजोबा, कुशलला सांगा, आजच डॉक्टरांना फोन कर. दोन्ही गोळ्यांची नावं वाचून दाखव. आजच, विसरू नका."

"डॉक्टरले कायले तरास? तूच सांग ना."

"मला नाही सांगता येत."

आजोबांनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "बरं बाप्पा," ते म्हणाले, आणि खोकल्याच्या गोळ्या खिशात टाकून बर्फात उतरले.

घरी पोचल्याबरोबर, कोटही न काढता, आईने त्यांच्या घरी फोन लावला. मी बेडरूममधला फोन उचलून ऐकत होते. ती माझी वाईट सवय होती.

"हो काकू, बाबा म्हणाले मला," मोनाली म्हणाली. "पण थर्सडेला अपॉइंटमेंट आहेच ना त्यांची. तेव्हा विचारते."

"आज नाही का जमणार? किंवा तोपर्यंत एक गोळी..." आई थांबली.

"एक गोळी काय? बंद करू? डॉक्टरांना न विचारता?" मोनाली क्षणभर घुटमळली. "काकू, डोन्ट माइंड हं, पण तुम्ही तिथे रजिस्टरवर असता ना?"



"हो," आई म्हणाली. "रजिस्टरवर."

"मग थर्सडेला नक्की विचारते. थँक यू, काकू. खरंच."

मी स्वयंपाकघरात गेले. आई रिसीव्हरवर हात ठेवून उभी होती. "यू कॅन जस्ट टेल मिस्टर रॉसी," मी म्हटलं. "ही विल कॉल द डॉक्टर."

"हो. उद्या सांगते."

मंगळवारी तिने सांगितलं नाही. मी स्टुलावरून बघत होते. रजिस्टरपासून त्या पायरीपर्यंत चौदा पावलं होती. ती मी नंतर मोजली. दुपारी दोनदा ती रजिस्टर सोडून त्या दिशेने निघाली आणि दोन्ही वेळा वाटेतल्या फळीवरच्या शांपूच्या बाटल्या सरळ करून परतली. आजोबा त्या दिवशी आले नाहीत. बुधवारी सकाळी ते गेले, सोफ्यावर, बूट घालता घालता.

नक्की कशाने, ते कुणी तपासलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं, आधीच दुखणाईत हृदय होतं. कशानेही थांबलं असतं. मी आज औषधांच्याच प्रयोगशाळेत काम करते आणि पुराव्याशिवाय निष्कर्ष काढत नाही. आईने काढला होता.

कुशलच्या घरी बुद्धवंदनेला आम्ही गेलो. आई मागच्या रांगेत बसली. मोनालीने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. निघताना फक्त तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कुशल दारापर्यंत आला. "बाबा तुमचं फार कौतुक करायचे, काकू," तो म्हणाला. "फोनवर अकोल्याला सगळ्यांना सांगायचे, की इथे आपली एक फार्मासिस्ट आहे."

आई चपला शोधत राहिली. त्या तिच्या पुढ्यातच होत्या.

मार्चच्या शेवटी रॉसींनी पत्र टाइप करून दिलं. जानेवारीतली तक्रार त्यांनी त्यात घातली नव्हती. चांगुलपणाच होता तो. आईने रजिस्टरजवळ उभ्या उभ्या ते वाचलं. ती वक्तशीर आहे, प्रामाणिक आहे. चौथी ओळ अशी होती, की नेमून दिलेल्या कामाची मर्यादा तिने एकदाही ओलांडली नाही.

ती ओळ तिने दोनदा वाचली असावी. मग पत्र घेऊन ती चालत गेली आणि ती पायरी चढली. सगळं सांगितलं. पिवळा बर्फ, दोन देशांच्या गोळ्या, फोन. तिचं इंग्रजी एरवी चांगलं होतं; त्या दिवशी सगळी क्रियापदं वर्तमानकाळात येत होती. ही कम्स. ही टेल्स मी. आय से नथिंग.

रॉसींनी चष्मा काढला. "मी इथेच होतो," ते म्हणाले. "मी तुला विचारलं होतं."

"यू डिड."

मग आईने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ काढा. या ओळीवर मला फार्मासिस्ट व्हायचं नाही."

रॉसींनी खणातून व्हाइटनरची बाटली काढली. ब्रश सावकाश फिरवून ती ओळ झाकली आणि पत्र तिच्या हातात दिलं.

ते पत्र बोर्डाला कधीच गेलं नाही. नवं टाइप करून देऊ का, असं रॉसींनी पुढे दोनदा विचारलं. आई म्हणाली, बघू. अकरा वर्षं ती त्याच रजिस्टरवर होती, दुकान बंद होईपर्यंत.

पण त्या दिवशी आम्ही सहाला निघालो, तेव्हा तो पांढरा पट्टा पुरता वाळला नव्हता. पत्राची घडी करता येईना. आईने ते दोन्ही तळव्यांवर आडवं धरलं आणि मी तिची पर्स घेतली. साडीच्या दुकानातली नीलामावशी शटर ओढता ओढता ओरडली, "काय गं सुनेत्रा, प्रसाद आणलास की काय?" आईने नुसती मान हलवली. रस्त्यावर वारा होता. वारा आला, की ती पत्रावर वाकून पाठ वळवून उभी राहायची, आणि थांबला, की पुन्हा चालू लागायची.