आलं की ओरडा!

मी वसईतल्या होळी गावच्या हरेश्वरच्या गच्चीवरची अँटेना बोलतेय. हसू नका. जेवून झाल्यावर ताटात माशाचा काटा उरतो, तसं माझं रूप आहे, आणि लोक माझ्याकडे बघतातही तेवढ्याच प्रेमाने.

त्र्याण्णव साली हरेश्वरने मला स्टेशनजवळच्या दुकानातून सायकलला आडवी बांधून आणलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो गच्चीवर मला फिरवायचा आणि शकू खाली खिडकीशी उभी.

"आलं काय गो?"

"आलं! आलं! अवो, गेलं!"

तेव्हापासून त्या घरचा नियमच ठरला. चित्र आलं की शकूने ओरडायचं. ती गप्प असली म्हणजे आलं नाही, हरेश्वरने फिरवत राहायचं.

पुढे डिशची छत्री आली. मी गोल नाही, गोंडस नाही, मला कोण विचारतो? माझी रवानगी सुकेळ्यांच्या राखणीवर झाली. शकू राजेळी केळी सोलून गच्चीवर उन्हात सुकवायची, कावळ्यांसाठी वर जाळी लावायची आणि जाळीचं एक टोक मला बांधायची. कावळे मला इतके घाबरायचे की माझ्याच डोक्यावर बसून केळ्यांवर नजर ठेवायचे.

मग त्यांच्या संजनाचं दहावीचं वर्ष आलं. दिवाळी संपली तशी हरेश्वरने छत्री उतरवली आणि तिचा सेट-टॉपचा डबा थेट चांदीपला बहिणीकडे नेऊन ठेवला. मोह नको म्हणून.

"मंग टीवीपन द्या ना नेऊन," शकू म्हणाली.

"बातम्या कुठं बघू? अँटेना हाय ना."

अँटेना हाय ना! मी गंजासकट मोहरले. त्यातून संजना म्हणाली, "पप्पा, दुकानात बूस्टरवाल्या नवीन मिळतात, एकदम क्लिअर दिसतं." हरेश्वर दुकानात जाऊन त्या बघूनही आला. तरी त्याने निवडलं मलाच. जुन्याची किंमत असणारी माणसं अजून आहेत, असं मी कावळ्याला सांगणारच होते, तेवढ्यात खालून त्याचा आवाज आला.

"नवीन नको. चांगलं दिसलं तं पोर बघत बसंल. हिच्यावर कायपन धड दिसत नाय. हीच बरी."

कावळ्याने तेवढ्यापुरती मान दुसरीकडे फिरवली. त्याचे आभार.

दिशा लावायची तर आमच्याकडे साधी रीत आहे. शेजाऱ्याची अँटेना जिकडे तोंड करून असेल तिकडे आपली करायची. शेजारच्या निकोलसच्या गच्चीवर माझी एक थोरली बहीण होती, तिच्याकडे बघून हरेश्वरने मला बसवलं. चित्रात मुंग्याच मुंग्या. बातम्या देणाऱ्या बाईंना दोन डोकी. हरेश्वर खूश, संजना पुस्तकात. इतक्या वाईट कामाबद्दल एवढं समाधान मी कुणाला दिलं नव्हतं.

फेब्रुवारीत दूरदर्शनची माणसं आली. वसईच्या सुकेळ्यांवर कार्यक्रम करायचा होता, म्हणून त्यांनी आमच्याच गच्चीवर शकूचं चित्रीकरण केलं. बुधवारी संध्याकाळी दाखवणार होते. लग्नानंतर शकूचा एक धड फोटो निघाला नव्हता. ती आल्बिनाला, निकोलसच्या बायकोला, स्पष्टच म्हणाली, "मी काम करताना कशी दिसते, ते मला एकदा बघायचं हाय."

"माझ्याकडं केबल हाय, तिथंच या सगळे," निकोलस म्हणाला.

"माझ्या बायकोला बघायला मी दुसऱ्याच्या घरी? नाय. तुमीच आमच्याकडं या," हरेश्वरने ऐटीत सांगितलं. ऐट त्याची, भरवसा माझ्यावर. आता बोला.

बुधवारी अख्खी आळी घरात दाटली. कार्यक्रम सुरू झाला. आवाज येत होता, पडद्यावर मुंग्या. हरेश्वर धावत गच्चीवर आला आणि मला निकोलसच्या अँटेनाशी आणखी नीट जुळवू लागला. ते बघून आल्बिना अंगणातून ओरडली, "अरे हरेश्वर, आमच्या अँटेनाकडं काय बघतोस? तिच्यावर टांगलेला नाताळचा तारा रस्त्यावरनं दिसावा म्हनून निकोलसनं ती दोन वर्सांमागं वळवलेली! टीवी तिच्यावर चालतच नाय!"

आळी एकदम उठली आणि निकोलसच्या घरी पळाली. संजना आईचा हात ओढत होती. "मम्मी, चल ना!"

"तू जा. तुजे पप्पा वर हायत. आलं ते त्यांना कोन सांगनार?"

हरेश्वरने मला मुंबईच्या बाजूला वळवायला घेतलं. मी करकरले, अडले, वळले आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ चित्र पकडलं. शकू! पदर खोचून केळी सोलत होती, मान वळवून हसत होती.

खाली खरी शकू बघतच राहिली. तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"आलं काय गो?"

खाली शांतता.

गप्प म्हणजे आलं नाही. त्याने मला आणखी वळवलं. एरवी गंजाने हटून बसणारी मी, त्या दिवशी लोण्यासारखी वळले. मेली माझी जात! चित्र गेलं.

"आलं व्हतं! अवो, आलं व्हतं!" शकू ओरडत अंगणात आली, तोवर मुंग्यांमागून खताची जाहिरात ऐकू यायला लागली होती.

शकूला सगळ्या आळीने पाहिलं. फक्त हरेश्वरने पाहिलं नाही. तो खाली उतरून पायरीवर बसला.

"हाक नाय मारलीस?"

"मारनार व्हते. मीच मला बघत राह्यले."

त्याला फार लागलं ते. मलाही.

संजना पास झाली, चांदीपहून डबा परत आला, छत्री पुन्हा चढली. मी पुन्हा जाळी धरून आहे, कावळा माझ्या डोक्यावर आहे. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की चांगलं काही दिसलं तर गप्प उभे राहू नका, ओरडा. वर कुणीतरी माझ्यासारख्या काट्याशी झटत असतं, त्याला कळू दे.

हरेश्वर पूर्वी सुकेळ्यांच्या वेळी गच्चीवर फिरकत नसे. आता शकू केळी सोलायला बसली की येतो, मला टेकून बसतो आणि तिच्याकडे बघत राहतो.

"काय बघता ओ?" ती विचारते.

"आलं," तो म्हणतो.