पाऊस कुणी बांधला?

"बूट घाला," मी म्हणाले. "चपला घालून पळता येत नाही."

"मी कशाला पळू?" आमचा म्हातारा माकडाच्या कातड्याची टोपी झटकत म्हणाला. "ओसुंडवा म्हणतात मला. माझा बाप बैठकीला गेला की माणसं उभी राहायची."

"आजही राहतील. हातात दगड घेऊन."

तो हसला, पण बूट घातले. मार्च सरत आला होता, आमच्याकडचा पाऊस एव्हाना सुरू व्हायला हवा होता. शेतं खणून तयार होती, मक्याचं बियाणं घरोघरी टोपल्यांत वाट बघत होतं आणि पावसाचा पत्ता नव्हता. आमच्या डोंगरावर पाऊस लांबला की लोक आभाळाकडे बघत नाहीत, आमच्या घराकडे बघतात. म्हाताऱ्याचं घराणं पाऊस पाडणाऱ्यांचं. पाऊस आला की घरी कोंबड्या येतात. नाही आला की चीफचा निरोप येतो, कुणावरच्या रागापायी पाऊस बांधून ठेवलायस ते येऊन सांग. अशाच एका वर्षी त्याच्या चुलत्याचं घर लोकांनी पेटवून दिलं होतं. म्हणून मला बुटांची काळजी.

खरं सांगायचं तर लग्नानंतर वर्षभरातच माझ्या लक्षात आलं होतं, की म्हातारा पाऊस पाडत नाही, ओळखतो. मुंग्या कुठे निघाल्या, मोहोर कधी आला, तळ्याकडचा वारा कधी फिरला, हे बघून तो विधीला बसायचा. मी कुणाला बोलले नाही. कोंबड्या मलाही आवडतात. पण अलीकडे झाडंसुद्धा थापा मारायला लागली होती. मोहोर भलत्याच महिन्यात यायचा, वारा फिरायचा आणि थेंब पडायचा नाही. म्हातारा गुपचूप हवालदिल झाला होता.

चीफच्या कचेरीसमोर आंब्याखाली सगळा डोंगर जमला होता. यंदा चीफने हवामान खात्यातल्या जेलागाट नावाच्या मुलीलाही बोलावलं होतं, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला. पण आधी उठले ते ओपाटी गुरुजी. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नाही, म्हणून ते बैठकीत शिकवतात.

"हे निसर्गाचं चक्र आहे," गुरुजी म्हणाले. "मी दुसरीत होतो तेव्हा आम्ही कंदमुळं खाऊन दिवस काढले. पुढे इतका पाऊस झाला की पूल वाहून गेला. कधी कोरडं, कधी ओलं. यात कुणाचा दोष नाही. घरी जा आणि बियाणं सांभाळा."

मला गुरुजींचा मुका घ्यावासा वाटला. चक्र म्हटलं की आमचा म्हातारा सुटला! पण त्याचं तोंड उतरलं होतं.

"चक्र असेल तर मी इतकी वर्षं काय चाकाला तेल घालत होतो?" तो माझ्या कानाशी कुजबुजला.

"घालत होता म्हणा आणि गप्प बसा," मी म्हणाले.

मग जेलागाट उठली. चुणचुणीत मुलगी, बोलायलाही गोड.

"गुरुजी, चक्रं असतात, नाही असं नाही. पण आता जग तापतंय ते नुसत्या चक्रामुळे नाही. ते माणसांनी केलंय. कोळसा जाळला, तेल जाळलं, जंगलं तोडली. तो धूर आभाळात साठतो आणि जगावर गोधडी घातल्यासारखं होतं. पावसाचं वेळापत्रक त्यानेच बिघडतंय."

"म्हणजे माणसाचंच काम ना?" मागून मटणवाला वेसोंगा ओरडला. "मग आम्ही दुसरं काय म्हणतोय?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मी म्हाताऱ्याच्या बुटांकडे पाहिलं. एक नाडी सुटलेली होती.

"एका माणसाचं नाही हो," जेलागाट घाईने म्हणाली. "जगभरातल्या माणसांचं. जास्त करून लांबच्या, श्रीमंत देशांतल्या. कारखाने, गाड्या, विमानं..."

"लांबचे म्हणजे कोण? नावं सांग की."

नावं ती बिचारी कुठून सांगणार? पण तिच्या बोलण्यातले दोन शब्द लोकांनी बरोबर उचलले होते. झाडं आणि धूर. नजरा म्हाताऱ्यावरून सरकल्या आणि मिनायोवर जाऊन थांबल्या. मिनायो उताराखाली राहते, विधवा आहे, कोळसा पाडून पोरं जगवते. काळे हात पदराखाली झाकून ती कडेला बसली होती.

"हिच्या भट्टीचा धूर रोज वर जातो!"

"माझ्या घरावरनं जातो!"

"मोडा ती भट्टी! हिला माहेरी धाडा!" यात सगळ्यात मोठा आवाज वेसोंगाचा. दर आठवड्याला तिच्याकडून पोतंभर कोळसा नेतो आणि त्यावर मटण भाजून विकतो, मेला. तिथे जमलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी सकाळचा चहा मिनायोच्या कोळशावरच झाला होता.

"अहो, तसं नाही, माझं ऐका," जेलागाट ओरडत होती. तिचं कोण ऐकतो? चीफ शिट्टी फुंकत होता, त्या शिट्टीलाही कुणी जुमानेना. चार तरणे गडी भट्टीच्या दिशेने निघालेसुद्धा.

मी म्हाताऱ्याची बाही ओढली. "उठा. सुटलो आपण. घरी चला."

तो उठला, पण घरी निघाला नाही.

"थांबा रे!" तो म्हणाला. "पाऊस मी बांधलाय."

निघालेले गडी जागीच थांबले.

"कशापायी?" चीफने विचारलं. हा काय सांगतो याची मलाही उत्सुकता होती.

"कशापायी म्हणजे? गेल्या वर्षी पाऊस झाल्यावर या वेसोंगाने मला कोंबडी दिली. पिसं झडलेली, खोकणारी! रात्रभर ती खोकायची आणि आम्ही दोघं जागे. हा काय मान झाला? मला राग आला. बांधला पाऊस."

आता सगळ्या माना वेसोंगाकडे वळल्या आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. लोकांचा जीव भांड्यात पडला होता. ओळखीचा रोग, ओळखीचं औषध. म्हाताऱ्याने दंड म्हणून बोकड द्यावा आणि पाऊस सुटेपर्यंत घराण्याच्या राईत विधीला बसावं, असं ठरलं. बोकड माझा होता, पण मला विचारतो कोण. मिनायो पोराला पाठीशी बांधून खाली मान घालून निघून गेली.

जेलागाट आमच्यापाशी आली. "बाबा, तुम्ही असं का सांगितलंत? तुमचा काही दोष नाही."

"तू खरं बोललीस, पोरी," म्हातारा म्हणाला. "हे माणसांचंच काम आहे. पण ती माणसं आमच्या बैठकीला येत नाहीत. कुणाला तरी यायला नको?"

तिने वाकून त्याची सुटलेली नाडी बांधली.

दोन-चार दिवसांनी मी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भाजी घेऊन राईत गेले. आत काट्यांचं कुंपण आहे, त्यापलीकडे बायकांनी जायचं नाही. म्हातारा मडक्यासमोर बसून वेताच्या नळीने आतल्या पाल्यात फुंकत होता. त्याची छाती भात्यासारखी वाजत होती. वर आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख.

"काही दिसतंय?" मी कुंपणाबाहेरून विचारलं.

"काही नाही. मुंग्या नाहीत, वारा नाही. आता मला काहीच कळत नाही गं."

"आणि नाहीच आला तर? घर जाळतील आपलं."

"अगं, न पाडलेल्या किती पावसांचा मान घेतला मी," तो म्हणाला. "एक दुष्काळ घेतला अंगावर तर काय बिघडलं?"

मला रागही आला आणि रडूही आलं. अशा माणसाशी लग्न केल्याचा अभिमान वाटला, तो काही मी बोलून दाखवला नाही. त्याने पुन्हा नळी तोंडाला लावली, त्याला खोकल्याची उबळ आली आणि नळी हातातून गळाली. पाऊलवाटेवरून माणसं जात होती. फुंकण्याचा आवाज थांबल्यावर तीही थांबली आणि राईकडे बघू लागली.

मी लुगडं वर खोचलं, कुंपण ओलांडलं आणि नळी उचलली.

"अगं, बायकांनी..."

"जेवून घ्या," मी म्हणाले. "उगाली गार होतेय."

तो जेवायला बसला आणि मी फुंकत राहिले.