घाट चढून आलेलं टर्बो इंजिन

मी एक जुनं टर्बो इंजिन आहे. मित्रांनो, नावावर जाऊ नका. नाव भारदस्त असलं तरी अंगापिंडाने मी लहानच. पण माझ्या कुशीत एक छोटंसं चाक आहे. माझ्याच धुराच्या जोरावर ते गरगर फिरतं आणि माझ्या छातीत जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त जाळ, जास्त ताकद! त्या चाकाच्या यंत्राला टर्बो म्हणतात. घाटात मोठमोठ्या गाड्या धापा टाकत असायच्या आणि मी त्यांच्या बाजूने भुर्रकन पुढे निघायचो, तेव्हा मला थोडी मस्ती चढायची. खोटं कशाला बोलू?

पण ताकद आली की तिचे नखरेही येतात. हा टर्बो चढावर तापून लालबुंद होतो. त्याला सांभाळतं ते आतून फिरणारं ऑईल. मी चालू असेपर्यंत ऑईल खेळतं राहतं. मी बंद झालो की ते जागच्या जागी थांबतं आणि तापलेल्या लोखंडावर करपतं. चुलीवर विसरलेल्या कढईतल्या तेलाचं काय होतं, ते आईला विचारा. म्हणून आमच्यासारख्याला दामटून आणल्यावर एकदम बंद करायचं नसतं. घडीभर नुसतं चालू ठेवायचं, दम खाऊ द्यायचा आणि मग किल्ली फिरवायची. एवढंच आमचं मागणं.

कारखान्यातून मी आलो तो बद्रीनाथकडे. बद्रीनाथचं फुलंब्रीला पाइपांचं दुकान, घर मात्र शहरात, उस्मानपुऱ्यात. घरापासून हाकेच्या अंतरावर कमरोद्दीनचं गॅरेज. दोघे लंगोटीयार, आणि ही दोस्ती त्यांना वारशाने मिळालेली. निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर हिंदू-मुसलमान एकमेकांकडे दबकून बघत होते, त्या दिवसांत या दोघांच्या वडिलांनी भागीत एक जुनी जीप घेतली होती. शहरातून खुलताबादला सवारी न्यायची आणि आणायची. लोक म्हणाले, ही भागी महिनाभरही टिकायची नाही. पुढे जीप मोडीत निघाली, भागी मात्र टिकली.

त्या दोन बापांनी एक रिवाज घालून घेतला होता. घाट चढून वर खुलताबादला पोचलं की मारुतीसमोर जीप बंद करायची आणि दर्ग्यासमोरही बंद करायची. देवाच्या आणि पिराच्या दारात इंजिन गुरगुरत ठेवायचं नाही. जीप कोणीही चालवत असो, दोन्हीकडे किल्ली फिरायची आणि दोन्हीकडे मान झुकायची. मुलांनी हा रिवाज जसाच्या तसा उचलला. जीपला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला टर्बो कुठे होता!

सुरुवातीला माझे फार लाड झाले. दसऱ्याला मला झेंडूचा हार. साळूबाई, म्हणजे बद्रीनाथची बायको, माझ्या बॉनेटवर कुणाला टेकूसुद्धा द्यायची नाही. दर शनिवारी आम्ही दौलताबादचा घाट चढून मारुतीला जायचो. कमरोद्दीनची मुलगी गुलशन तेव्हा कॉलेजात होती. तीही पुष्कळदा मागच्या सीटवर असायची. बद्रीनाथने तिला कधीच सांगून ठेवलं होतं, "गुलशन, तुझी पाठवणी ह्याच गाडीतून. स्टेअरिंगवर मी. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाय."

"काका, मग गाडी जपून ठेवा," गुलशन म्हणायची.

बद्रीनाथ मला जपतच होता की! वेळच्या वेळी ऑईल, वेळच्या वेळी फिल्टर. पण दर शनिवारी तो मला घाटातून जोरात वर न्यायचा आणि मारुतीसमोर पोचताच, मी आतून रसरसलेला असताना, खटकन किल्ली फिरवून हात जोडायचा. मी आत करपायचो. तक्रार करणार कुणाकडे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि मित्रांनो, रागावू तरी कसा? तो माझा अपमान करत नव्हता, देवाचा मान राखत होता.

शेवटी व्हायचं तेच झालं. गुलशनचं लग्न खुलताबादच्या मजीदशी ठरलं आणि तयारीची धांदल चालू असतानाच एका शनिवारी घाटात माझ्यातून शिट्टीसारखा आवाज निघाला. मागे निळा धूर झाला आणि अंगातली ताकदच गेली. मला दुसऱ्या गाडीमागे टोचन लावून उस्मानपुऱ्याला आणलं. कमरोद्दीनने टर्बो खोलला. आतला दांडा करपलेल्या ऑईलने काळाकुट्ट झाला होता.

"बद्री, ऑईल जळून गेलंय रे," कमरोद्दीन म्हणाला.

"ऑईल कुणी भरलं व्हतं?" बद्रीनाथचा आवाज चढला. "हलकं ऑईल भरलंस तू, कमरू. घरच्या माणसाच्या गाडीत हलकं ऑईल!"

गॅरेजात चार गिऱ्हाईकं उभी होती. कमरोद्दीनच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने आयुष्यभर ज्या नावावर धंदा केला, त्याच नावावर दोस्ताने बोट ठेवलं होतं.

"तू गाडी रेड्यावाणी हाकतोस," तो म्हणाला, "आन् नाव माझं खराब करतोस व्हय?"

"मंग गुलशनच्या लग्नाला बघ दुसरी गाडी," बद्रीनाथ म्हणाला आणि चालता झाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा चेहरा पडला होता, हे मी पाहिलं. पण गेलेला शब्द काही टोचन लावून परत आणता येत नाही.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. कमरोद्दीनने मला नवा टर्बो बसवला, पण एरवी काम करताना गुणगुणणारा तो माणूस मुका झाला होता. गुलशन डबा घेऊन यायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. लग्न जवळ येत होतं. बद्रीनाथ समोरच्या रस्त्याने जायचा, पण गॅरेजकडे मान वळवायचा नाही. बापांची भागी त्या वाईट काळात टिकली आणि मुलांची माझ्यासारख्या इंजिनापायी तुटणार, या विचाराने मला स्वतःचीच लाज वाटायची. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण इंजिनाचं बोलणं ऐकतो कोण!

कमरोद्दीनची एक पद्धत होती. दुरुस्त केलेली गाडी घाट चढवून आणल्याशिवाय तो ती मालकाच्या ताब्यात देत नसे. माझी पाळी आली त्या दिवशी गुलशनही बरोबर निघाली, लग्नाआधी दर्ग्याला जाऊन यावं म्हणून. आम्ही घाट चढलो. नवा टर्बो असा काही खेचत होता की मी पुन्हा तरणा झालो. दर्ग्याच्या दारात पोचलो, आणि कमरोद्दीनने, प्रत्येक गिऱ्हाइकाला 'लगेच बंद करू नका' असं बजावून सांगणाऱ्या त्या मिस्त्रीने, खटकन किल्ली फिरवून मान झुकवली.

"अब्बा," मागून गुलशन म्हणाली, "बद्रीकाकाबी हुबेहूब असंच करतात. मारुती दिसला की लगेच बंद."

कमरोद्दीनची मान वर आली. माझं तापलेलं लोखंड टिक टिक वाजत होतं. तो ऐकत राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात अजून किल्लीवरच होता.

"या अल्लाह," तो पुटपुटला आणि त्याने मला घाईघाईने पुन्हा चालू केलं.

तिथून तो घरी गेला नाही. मला घेऊन थेट फुलंब्रीला, बद्रीनाथच्या दुकानावर आला. बद्रीनाथ उठून उभा राहिला. कमरोद्दीनच आधी बोलला.

"बद्री, ऑईल चांगलंच व्हतं. तुझी हाकणीबी वाईट नाय. चूक आपल्या दोघांच्या बापाची हाय."

"काय बोलतोस?"

"घाट चढला की किल्ली फिरवायची. तू मारुतीपुढं, मी दर्ग्यापुढं. मी आत्ताच फिरवून आलो. जीपला चालत व्हतं, याला चालत नाय. आपण अदब करत गेलो आन् हे बिचारं आत जळत गेलं."

बद्रीनाथ खाली बसला. डोळे पुसले, मग हसायला लागला. "म्हाताऱ्यांनी जाता जाता आपल्यात भांडण लावलं म्हण की! कमरू, मी चार माणसांत लई वंगाळ बोललो रे."

"बोललास खरा," कमरोद्दीन म्हणाला. "आता चहा सांग."

लग्नाच्या दिवशी मला गुलाबाच्या लड्यांनी सजवलं. स्टेअरिंगवर बद्रीनाथ. मागे गुलशन आणि मजीद. मुलीचा बाप सासरच्या दारापर्यंत जात नाही, अशी त्यांची रीत. पण बद्रीनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टर्बो नवा हाय. घाटात काही झालं तर? मिस्त्री जवळ पाहिजे." आणि त्याने कमरोद्दीनला हाताला धरून शेजारी बसवलं.

घाट मी अगदी हळू चढलो. खुलताबादला मजीदच्या दारापुढे थांबलो. मजीद उतरला. त्याची आई हसीना पुढे आली, गाडीच्या दाराला हात घालू लागली. बद्रीनाथचा हात सवयीने किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"भाभी, जरा दम धरा," तो खिडकीतून म्हणाला. "इंजिन गरम हाय. लगेच बंद करता येत नाय."

हसीनाला काही कळलं नाही, पण ती थांबली. गाडीत तिघेच राहिले. मी खालच्या सुरात चालू होतो. मागून गुलशनने हात पुढे केला आणि बापाच्या खांद्यावर ठेवला. कमरोद्दीनने मागे वळून पाहिलं नाही. त्याने तो हात फक्त घट्ट धरला. बद्रीनाथ काचेतून समोर बघत राहिला.

मित्रांनो, मी तर कधीच निवलो होतो. हळू चढलेल्या इंजिनाला कितीसा वेळ लागतो? कमरोद्दीनला तर माझ्या नुसत्या आवाजावरून ते कळतं. पण तो काही बोलला नाही आणि बद्रीनाथनेही किल्लीला हात लावला नाही.

शेवटी गुलशनच म्हणाली, "काका, झालं आता. करा बंद."

आता मी म्हातारा झालोय. थंडीत लवकर सुरू होत नाही, ऑईलही जरा जास्त पितो. तरी शनिवारी घाट चढतोच, आणि वर पोचल्यावर बद्रीनाथ मला लांब झाडाखाली घडीभर चालू ठेवून मगच मारुतीपुढे नेतो. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी दिवसभराचा चढ चढून आलं, मग ते इंजिन असो की तुमचे आईवडील, तर त्यांना आल्या आल्या गप्प करू नका. घडीभर जवळ बसा. ते निवले असले तरी उठायची घाई करू नका.