दोन हातांचं औषध

अल्लीपूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पोळ्यापासून सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि तरीही घर सुरळीत चाललं होतं. ते चालवत होती पौर्णिमा, वय वर्षं तीन. सुलोचनाबाई गॅसपाशी उभ्या राहून म्हणायच्या, "पुने, तुह्या आईले सांग, भात झाला म्हणा." भावना तिथंच हाताच्या अंतरावर कपड्यांच्या घड्या घालत असायची. तिला सगळं स्वच्छ ऐकू यायचं. पण पुनी लुटुलुटु चार पावलं जाऊन "भात जाला म्हना" असं सांगेपर्यंत ती मान वर करायची नाही. मग उत्तर त्याच वाटेनं परत यायचं. दोन शहाण्यासुरत्या बायकांनी ही टपालकी त्या पोरीच्या गळ्यात घातली होती, आणि ती बिचारी ते खेळ समजून करत होती.

कारण तसं साधंच होतं. सुलोचनाबाईंचा मुलगा अंकित पुण्याकडे कंपनीत होता. पोळ्याला आला तेव्हा त्यानं खोली पाहून ठेवल्याचं सांगितलं. बायको-पोरीला आता घेऊन जाणार म्हणाला. सुलोचनाबाईंनी त्याला अंगणात एकट्याला गाठलं आणि म्हणाल्या, "पोरगी लहान आहे, तिकडचं पाणी तिले सोसणार नाई. सालभर थांब." पोरगं आईच्या शब्दाबाहेर नव्हतं. ते एकटंच परत गेलं आणि भावनानं तोंडाला कुलूप लावलं. सुलोचनाबाईंनीही बोलायचा प्रयत्न केला नाही. बोलणं निघालं असतं तर "काऊन थांबवलं?" हा प्रश्न आला असता, आणि त्याचं खरं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. पाण्याबिण्याचं काही नव्हतं. नवरा गेल्यापासून त्या रिकाम्या घराला घाबरत होत्या, एवढंच.

दिवाळी तोंडावर आली होती, कापूस फुटला होता. भावना वेचायला गेली असताना दुपारी पुनीचं अंग तापलं. सुलोचनाबाईंनी गालाला गाल लावून पाहिला आणि आपल्या डब्यातली तापाची गोळी काढली. डोकं दुखलं की त्या स्वतः घ्यायच्या तीच. अर्धी मोडून मधात खलली आणि पोरीला चाटवली. मोठ्यांची गोळी आहे म्हणूनच तर अर्धी केली. त्यांच्या मते हा हिशेब अगदी चोख होता.

संध्याकाळी भावना आली. तिनंही कपाळाला हात लावला. सासू मागे भांडी घासत होती. भावनानं फळीवरची तापाच्या लाल औषधाची बाटली काढली, झाकणानं मोजून पोरीला पाजली आणि झाकण धुऊन ठेवलं. सासूला सांगायचं कसं? सांगणारी झोपली होती. आणि खरं तर सांगायचं दोघींच्याही मनात नव्हतं. सांगितलं असतं तर दुसरीनं नक्की नाक मुरडलं असतं.

मग गोधडीची लढाई सुरू झाली. सुलोचनाबाई येऊन पोरीला गळ्यापर्यंत गुंडाळत. ताप घामानं निघतो, अशी त्यांची खात्री. त्या वळल्या की भावना गोधडी काढून पायाशी लोटत असे. पुन्हा सुलोचनाबाई पाणी ठेवायच्या निमित्तानं येत आणि पुन्हा गोधडी वर. कोणी ब्र काढत नव्हतं. कोणी पाहणारं असतं तर हसून हसून मेलं असतं, पण त्या घरात पाहणारं कोणी नव्हतं.

ताप उतरला. सुलोचनाबाई मनातल्या मनात म्हणाल्या, जुनं ते काही वाया जात नाही. भावनाही जवळपास तेच म्हणाली असेल, आपल्या बाटलीबद्दल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढला, तेव्हा दोघींनी आपापला यशस्वी इलाज पुन्हा केला, आणि चढेल तसा करत राहिल्या. एक मागच्या दारी गेली की दुसरी औषध द्यायची. पोरगी दोघींच्याही हातून निमूट घेत होती, कारण एकात मध होता आणि दुसरं गोड लाल होतं.

तिसऱ्या दिवशी ताप फारसा नव्हता, पण पोरगी नेहमीची राहिली नव्हती. सकाळी पाणी पाजलं ते उलटलं. पेज पाहून तिनं तोंड फिरवलं. भावना कामावर गेली नाही, दारापाशी बसून राहिली. सुलोचनाबाई उशाशी होत्या. त्यांच्या ध्यानात आलं, की उठल्यापासून पोरीनं एकदाही लघवीला जायचं म्हटलेलं नाही आणि तिचे ओठ वाळून पांढरे झालेत. हे सुनेला सांगायलाच हवं होतं. सवयीनं त्या म्हणाल्या, "पुने, तुह्या आईले सांग…"

पुनीनं डोळे उघडले, आजीकडे पाहिलं आणि परत मिटले. दारात भावना मान खाली घालून थांबली होती. निरोप यायची वाट बघत होती. सुलोचनाबाईही थांबल्या होत्या. निरोप कोणी नेणार नव्हतं. आपण काय करून बसलो, हे त्यांना तिथं पहिल्यांदा दिसलं.

"भावना," त्या म्हणाल्या. आवाज आपलाच आहे असं त्यांना वाटेना. "पोरगी सकाळपासून मुतली नाई व. श्रावणले बोलव, ऑटो काढ म्हणा."

शेजारचा श्रावण ऑटो घेऊन आला आणि तिघी हिंगणघाटला पोरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचल्या. बाईंनी पुनीचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, वजन केलं. ताप मोजला का, विचारलं. हातानं पाहिला, भावना म्हणाली. औषध कोणतं आणि किती वेळा दिलं? भावनानं बाटली पुढं केली आणि सगळं नीट सांगितलं.

"आणखी काही दिलं?"

"नाई," भावना म्हणाली.

सुलोचनाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या क्षणी त्या गप्प राहू शकल्या असत्या. कोणाला कधी कळलं नसतं. सुनेसमोर आपली चोरी आपल्याच तोंडानं उघडी करायची, तीही दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर. पोरीच्या उघड्या पोटाकडे त्यांनी पाहिलं.

"मी गोळी देत होती," त्या म्हणाल्या. "माह्यी. अर्धी अर्धी. भावना वावरातून यायच्या आधी, अन् राती भावना झोपली की."

डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव विचारलं आणि पेन खाली ठेवला. "मावशी, बाटलीतलं अन् गोळीतलं औषध एकच आहे. लेकराला वजनानं द्यावं लागतं. तुम्ही दोघींनी मिळून दुपटीच्या वर दिलं, तेही दोन दिवस. लिव्हरला त्रास होऊ शकतो. रक्त तपासू, सलाईन लावू, इथंच ठेवू." मग जरा थांबून म्हणाल्या, "ताप हातानं पाहू नका, थर्मामीटर घ्या. अंगावर पातळ कपडा ठेवा. पाणी पिते का, लघवी होते का, हाक मारली की ओ देते का, ते बघा. अन् औषध एकानंच द्या. एका घरात राहता ना दोघी?"

भावनानं पुनीचा फ्रॉक पोटावरून खाली ओढला.

सलाईन लागल्यावर खाटेशेजारच्या बाकावर बसून भावनानं विचारलं, "सांगितलं काऊन नाई मले?" सुलोचनाबाईंना म्हणता आलं असतं, तू सांगितलं का? त्या ते म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "अंकितले मीच थांबवलं. पाण्याचं खोटं होतं. मले एकटीले करमत नाई म्हणून थांबवलं."

"मले ठाऊक होतं, आई," भावना म्हणाली आणि पुनीच्या सलाईनकडे पाहत राहिली. तिनं सासूचा हात धरला नाही, आणि सुलोचनाबाईंना त्याचा राग आला नाही.

रक्ताचा रिपोर्ट बरा आला. पोरगी पाणी प्यायला लागली, मग बिस्कीट मागायला लागली. अंकित धावत आला, तेव्हा सुलोचनाबाईंनीच त्याला सांगितलं, की दिवाळी झाली की दोघींना घेऊन जा. त्या दिवाळीत सासू-सून पुष्कळ बोलल्या. काय काय बांधायचं, चिवडा किती द्यायचा, गादी न्यायची की नाही. जाण्याचंच बोलणं होतं ते, पण बोलणं होतं.

निघताना ऑटोपाशी सुलोचनाबाई म्हणाल्या, "पोरीले ताप आला तर मले फोन करजो."

"तुमी इथून काय कराल?"

"काही नाई करणार. काय देल्लं तेवढं सांगजो."

त्यानंतर घरात आवाज राहिला तो नळाचा आणि गॅसचा. अंकितचा फोन रविवारी यायचा, कधी यायचा नाही. भात झाला, हे सांगायला कोणी नव्हतं. दोन-तीनदा त्यांनी तोंड उघडून मिटलं. थंडी वाढली. एके सकाळी त्या अंगण झाडत असताना फोन वाजला, आणि रविवार नव्हता.

"आई," पलीकडून भावना म्हणाली, "पुनीले ताप आहे. मोजला, एकशे एक आहे. औषध मीच दिलं, एकदाच. पाणी पिऊन राह्यली."

सुलोचनाबाईंना आधी आनंद झाला. पोरगी तापलेली आहे हे ऐकून त्यांना आनंद झाला, छाती भरून आली, आणि लगेच इतकी शरम वाटली की त्या अंगणातच खाली बसल्या. पण त्यांनी फोन ठेवला नाही. लघवी झाली का, त्यांनी विचारलं. हाक मारली की बघते का, काय खाल्लं, अंगात काय घातलं, सगळं विचारलं. भावना एकेक सांगत होती. विचारायचं संपलं, तेव्हा त्यांनी पाण्याचं पुन्हा एकदा विचारलं.